वीज गेली तेव्हाचं रेकॉर्डिंग

मला भांडखोर म्हणता ना? मग त्या दिवशी तुम्ही सलीमभाईला बघायला हवं होतं. सोलापुरात इतकी वर्षं टिकून असलेल्या एका रॉक बँडचा हा गायक. महेश नावाचा चाहता प्रत्येक कार्यक्रम फोनवर रेकॉर्ड करून सगळ्यांना पाठवतो, म्हणून ती सगळी रेकॉर्डिंग्ज पुसायला लावायला सलीमभाई मला, एका पत्रकाराला, सोबत घेऊन थेट होटगीला महेशच्या घरी धडकला.

चोरी म्हटल्यावर मीही तापलो होतो. “अहो, यांची स्वच्छ गाणी मिळतात की! ही खरखर कोण ऐकतं?”

“बसा, ऐका तर,” म्हणत महेशने एक रेकॉर्डिंग लावलं. गाणं रंगात आलं आणि मध्येच गिटार, माईक सगळं बंद पडलं. वीज गेली होती. आधी शिट्ट्या झाल्या, मग अख्ख्या मैदानाने उरलेलं गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

सलीमभाई गुरगुरला, “ये बी मिटा दे.”

“ह्यात तुमचा आवाज कुटं हाय, भाई? हे तर आमी म्हटलंय.”

सलीमभाईने ते पुन्हा लावायला सांगितलं. ऐकून झाल्यावर खाली मान घालून म्हणाला, “मिटा दे. पर पयले मेरेकू भेज.”

मी उसळलोच. “आता चोरीच्या बातमीत चोर म्हणून कुणाचं नाव छापू?”