जास्वंदीची छाटणी

चहा घ्या, मग सांगतो. हसू आले तर खुशाल हसा. दोष माझाच होता.

औशाच्या आमच्या अंगणात मी गणपतीसाठी तांबडी जास्वंद लावली. दोन वर्षांत ती माझ्या डोक्याच्या वर गेली, पण एकाही चतुर्थीला फूल देईना. शेजारच्या हमीदाबी म्हणाल्या, "गुरुजी, फांद्या छाटा की. नुसता पालाच लई झालाय."

मी म्हणालो, "देवाच्या झाडाला शस्त्र लागणार नाही."

माघातल्या एका दुपारी त्यांची बकरी दावे तोडून आत शिरली आणि तिने जास्वंद खाऊन गुडघ्याएवढी केली. कुंपणाशी उभा राहून मी हमीदाबींना नको ते बोललो. जन्मभर मुलांना संयम शिकवला, तो त्या दिवशी मला आठवला नाही.

त्या एवढेच म्हणाल्या, "मुकं जनावर हाय, गुरुजी. माफ करा."

चैत्रातल्या चतुर्थीला पहाटे पाहतो तो काय, नव्या फुटव्यांवर फुलेच फुले! एकवीस देवाला वाहूनही एक उरले. ते घेऊन मी क्षमा मागण्यासाठी हमीदाबींच्या दारी गेलो. "चुकलो," एवढेच म्हणालो, तोच बकरीने माझ्या हातातले फूल ओढून खाल्ले.

हमीदाबी तोंडाला पदर लावून हसत म्हणाल्या, "खाऊ द्या, गुरुजी. छाटणीची मजुरी घ्यायलीय ती."