पंचाची मुलगी

बाबा : म्हणजे तू लिहिलेल्या बातम्या त्या संपादकांनी वाचल्याच नाहीत?

मुलगी : वाचल्या असतील हो. त्यावर काही बोलले नाहीत, इतकंच.

बाबा : वर्षभर चपला झिजवतेस. जो तो म्हणतो, क्रीडा पत्रकार व्हायचंय तर आधी अनुभव आणा. आणि हे संपादक पहिल्याच भेटीत म्हणतात, सोमवारपासून इंटर्नशिपला या. पाणी कुठेतरी मुरतंय.

मुलगी : तुम्हाला सगळीकडे खोटच दिसते.

बाबा : फुटबॉलमध्ये पंच म्हणून जन्म गेला माझा. ज्याला खरंच लागतं, तो आधी स्वतःचा पाय धरतो. जो ढोंग करतो, तो पडता पडता पंचाकडे बघतो. तू आल्यापासून माझ्याकडेच बघते आहेस.

मुलगी : काहीतरीच तुमचं.

बाबा : ऑफिस तरी खरं आहे का?

मुलगी : आहे हो. एका जिमच्या वर लांबट खोली आहे. खालून वजनं आपटल्याचा आवाज येत राहतो. भिंतीवर टीव्ही चालू, आवाज बंद. माझ्याच वयाची एक मुलगी सामना बघत होती आणि बघता बघता स्कोअर वेबसाइटवर टाकत होती. मान वर करायला फुरसत नव्हती तिला. मला वाटलं, तिच्या शेजारची खुर्ची ओढावी आणि बसावं.

बाबा : विचारलं काय तुला?

मुलगी : शिक्षण विचारलं. मैदानावरून थेट बातमी देता येईल का, ते विचारलं. मी शाळांच्या स्पर्धेचं सांगायला लागले, तर ते हं हं करत मोबाइल चाळत बसले.

बाबा : मग?

मुलगी : मग घरी कोण कोण असतं, ते.

बाबा : हे कशाला लागतं त्यांना?

मुलगी : मलाही तेच वाटलं. मग म्हणाले, वडील अजून मैदानावर जातात का? मी म्हटलं, सोडलं त्यांनी. तर हळूच विचारलं, त्या फायनलबद्दल घरी कधी बोलतात का?

(बाबा उठून खोलीचं दार लोटतात आणि पुन्हा येऊन बसतात.)

बाबा : आडनाव वाचून बोलावलं तर तुला.

मुलगी : हो. म्हणाले, शेवटच्या मिनिटाला दिलेली ती पेनल्टी लोक अजून विसरलेले नाहीत. हरलेल्या संघाचे लोक आजही म्हणतात, पंच विकला गेला. पहिला लेख त्यावरच लिहायचा. पंचाच्या मुलीला काय वाटतं. तो गाजला तर नोकरी पक्की.

बाबा : चौकशी झाली होती त्याची. काही निघालं नाही.

मुलगी : तेही सांगितलं मी. ते हसले. म्हणाले, चौकशीत निघत नाही, ते घरात निघतं.

बाबा : आणि तू काय म्हणालीस?

मुलगी : विचार करून कळवते म्हटलं.

बाबा : नाही म्हणाली नाहीस.

मुलगी : नाही.

बाबा : तुझा फोन कुठे आहे?

मुलगी : पर्समध्ये. का?

बाबा : टेबलावर ठेव. पालथा नको. रेकॉर्डिंग चालू आहे का?

मुलगी : बाबा, मी आहे.

बाबा : म्हणून तर विचारतोय. दुसरं कोणी असतं, तर दारातूनच वाटेला लावलं असतं.

मुलगी : हा घ्या. बघा तुम्हीच. झालं समाधान? आता मी विचारते. संपादकांसाठी नाही, माझ्यासाठी. शाळेत पोरं माझ्या बाकावर खडूने शिट्टी काढायची. मी त्यांच्याशी हातघाईवर यायचे, पण घरी येऊन तुम्हाला कधी काही विचारलं नाही. भीती वाटायची.

बाबा : कसली?

मुलगी : तुम्ही काय सांगाल त्याची. त्या खेळाडूचा हात चेंडूला लागलेला तुम्ही खरंच पाहिला होता?

बाबा : तुलाही शंका आहे तर.

मुलगी : आहे.

बाबा : पाहिला. गोलसमोर गर्दी होती, धूळ होती. त्यातून हात वर आला आणि चेंडूची दिशा बदलली. मी शिट्टी मारली. कुणाच्या दमडीचा मिंधा नव्हतो. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? तो क्षण मी इतक्या वेळा आठवलाय, की आता दिसतो तो हात तेव्हाचा की नंतर मनाने काढलेला, हे मला सांगता येत नाही.

मुलगी : हे कधी कुणाला बोलला नाहीत.

बाबा : कुणी असं विचारलंच नाही. सगळे विचारायचे, किती घेतलेस? लिही हे. जसं सांगितलं तसं लिही. तुझं तरी काम होईल.

मुलगी : मी लिहिलं, तर लोक म्हणतील, पोरीने बापाची बाजू सावरली. आणि तुमच्याविरुद्ध लिहिलं, तर म्हणतील, नोकरीसाठी बाप विकला. दोन्हीकडून बातमी मरते. द्या फोन इकडे. संपादकांना स्पीकरवर लावते, तुम्हीही ऐका.

संपादक : बोला. ठरलं का?

मुलगी : सर, तो लेख मी लिहिणार नाही. घरच्या माणसाची बातमी घरच्याने करू नये. दुसरं कुठलंही काम द्या, स्कोअर टाइप करायला बसवा, मी येते.

संपादक : स्कोअर टाइप करायला माणसं आहेत आमच्याकडे. तुम्हाला का बोलावलं, ते तुम्हाला समजलंय.

मुलगी : समजलंय. म्हणूनच नाही म्हणतेय.

बाबा : एक मिनिट. मी पंच बोलतोय. तुमचा दुसरा वार्ताहर पाठवा. जे विचारायचं ते विचारू दे. मी इथे आहे.

संपादक : साहेब, मुलीने लिहिलं असतं तर त्यात मजा होती. तुमच्या एकट्याच्या मुलाखतीत काय नवीन निघणार? बघू, कळवतो.

बाबा : ठेवला.

मुलगी : नाही कळवणार ते.

बाबा : तुझी खुर्ची गेली माझ्यापायी.

मुलगी : माझ्यासाठी नव्हतीच ती.

बाबा : आता काय करशील?

मुलगी : एका साप्ताहिकाला विचारलं होतं. शनिवारी मुलींच्या बास्केटबॉलची स्पर्धा आहे. त्यांच्याकडे पाठवायला माणूस नाही. म्हणाले, बातमी पाठवा, बरी असली तर चार ओळी घेऊ.

बाबा : नाव छापतील तुझं?

मुलगी : इतक्यात नाही.

बाबा : जा. लवकर पोच. आणि निघताना पंचांचं नाव विचारून घे. सामना नीट पार पडला, तर त्यांना कोणीच विचारत नाही.