फळीवरची टकटक

सिटी बसमध्ये मयुरा मांडीवर गरिबांच्या घरकुलांचे नकाशे धरून बसली होती. पुढच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"नवं घर कसं आहे वं, गिरजे?"

"मस्त आहे. नळ आत, संडास आत. शेजारचं भांडणही ऐकू येत नाही."

"मंग तोंड काहून पाडून राहिली?"

"लकडगंजात आपल्या दोघींच्या खोल्यांमंधी फळ्यांची भिंत होती. चहा झाला का मी टकटक करायची."

"अन् मी कप घेऊन धावायची!"

"सवय गेलीच नाही. अजूनही भिंतीवर ठोकून राहिली मी. पल्याड कोण राहते, मलेच माहीत नाही."

"येडी झाली का वं?"

"काल तिकून टकटक आली."

मयुराचा स्टॉप आला. ती उठली नाही.

"मंग?"

"मंग काय! चहात पाणी वाढवलं अन् दार उघडं ठेवलं."