सोमवारच्या आत दोन हेडं

न्हाई, चहा मागनं, सुभाषभाऊ — आधी ते पोतं सोडा. निमगावापासनं यष्टीत ही बिडाची, वतीव लोखंडाची धोंडं पायाशी धरून आलेय, ती काय चहा प्यायला? कंडक्टर म्हनला, मावशी, काय हाय ह्यात? म्हनलं, आमच्या मालकाचा जीव हाय, तिकीट फाडतो का त्याचं? पुढं गेला बापडा. हां, तीच ती. आमच्या पंपाच्या डिझेल इंजिनाची हेडं, दोन सिलिंडरची दोन. मागच्या साली ह्यांनी तुमच्याकडंच आनली व्हती. एक तुमी तपासलं, म्हनलात, बाजीरावदादा, ह्याला चीर हाय, नवं टाका. दुसरं बघायच्या आत ह्यांनी पोतं उचललं आन आले घरी.

काय म्हनायचं हो अशा मानसाला? नवी घ्या म्हनलं की म्हनायचे, असलं बीड आता वततंय कोन? वेल्डिंग करा म्हनलं की, डागलेलं कवा दगा दील सांगता येत न्हाई. नवी नको, डागलेली नको — पोतं आपलं पडवीत. तसं मलाबी कळतंय. वस्तीत लाईट नव्हती तवा जयंतीला मामंजी ह्याच इंजिनाला डायनामो जोडायचे, बाबासाहेबांच्या फोटोवर बलप लागायचा, पोरंसोरं नुसती बलपाकडं बघत बसायची. त्या इंजिनावर दुसऱ्याचं हेड चढवायचं ह्यांच्या जिवावर यायचं. पन पानी थांबतंय व्हय तुमचा विचार व्हईस्तवर? लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. इंजिन चालू व्हतं तवर रातच्या पाळीला आमी मोटरकडं बघतबी नव्हतो — दिवसा इंजिनावर भिजवायचं आन रातच्याला दार लावून झोपायचं. इंजिन निजलं, आन हे ब्याटरी घेऊन उसात जायला लागले. वाकून दारं धरत व्हते, पानी सरीतनं सरीत सोडत व्हते. वाकलेला मानूस बिबट्याला मानूस वाटतच न्हाई म्हनं, जनावर वाटतं. फॉरेस्टवाले सांगून गेले मला, माझ्याच पडवीत बसून, त्याच पोत्याला टेकून. सकाळी आमी गेलो तर ब्याटरी तशीच जळत व्हती सरीत.

माझ्याकडं नका बघू, तुमी काम करा. व्हॉल्व्ह काढलेत न्हवं, आता लावा डिझेल त्या दुसऱ्याला. ठाव हाय मला — डिझेल मुरू द्यायचं, पुसून घ्यायचं, वरनं खडू घासायचा. चीर असली तर आतलं डिझेल वर येतंय आन खडूवर रेघ उमटती. ह्यांनीच सांगितलं व्हतं. फोनवर तुमी म्हनलात ना, असलंच एक जुनं हेड पडलंय तुमच्याकडं, धडधाकट? मग झालं की! हे दुसरं धड निघालं की व्हॉल्व्ह घासा, त्यांच्या सीटा कापा, आन रविवारी येऊन बसवून द्या. सोमवारपासनं रातची पाळी हाय.

आमचा रत्नदीप? त्याला कुठं सांगितलंय. त्याला वाटतंय आई डाक्टरकडं गेलीय, गुडघं दाखवाया. त्यो म्हनतो, आई, ते इंजिन भंगारात घाल, त्याच्यापायी आप्पा गेले. मी म्हनते, त्याच्यापायी न्हाई रं, ते नव्हतं म्हनून गेले. ऐकतोय कुठं! रातचा जातो, मोबाईलवर गानी मोठ्यानं लावून — जसं काय बिबट्याला गान्याचं वावडंच हाय. आन मग... आता निघालंच तोंडातनं तर ऐका. त्याच्या मागनं मी जाते. ताट-पळी घेऊन. त्यो सरीत, मी बांधावर, अंधारात. त्यो वाकला की मी वाजवते. त्याला वाटतं शेजारचे गेणभाऊ राखन करत्यात. गेणभाऊ कसले, ते घोरत पडल्याले असत्यात! पन मागच्या पाळीला बांधावरनं पडले हो मी. गुडघा टेकंना. तशीच पडून वाजवत राहिले, कारन ब्याटरीच्या उजेडात पोरगं वाकल्यालं दिसत व्हतं. त्यानं तितनं हाळी दिली, बास करा की गेणभाऊ, झोपा आता! हसू आलं मला, आन रडूबी. पुढच्या पाळीला माझ्यानं न्हाई व्हायचं, भाऊ. एक गेला, दुसरा न्हाई द्यायचा मला. म्हनून आलेय.

मुरलं का? पुसा. घासा खडू, कडंपातूर घासा. ...न्हाई दिसत काय. न्हाई ना? बघा, मी म्हनलंच व्हतं, हे दुसरं — थांबा. मधी काय ते? दोन व्हॉल्व्हच्या मधी? तुमचा हात वला असंल. पुसा. पुसा म्हनते ना! परत लावा खडू.

आली.

वेल्डिंग? मान नका हलवू, त्वांडानं बोला. ...व्हय, तापलं की परत उघडायचं, कळलं. मग एक तुमचं ते जुनं लावा, दुसरं नवं मागवा. ह्यांचं मन ह्यांच्यासंगं गेलं. कवा येईल? ...इतके दिस? म्हंजे ही पाळी तशीच काढायची.

चहा नको म्हनलं ना. एक करा, त्यो काढल्याला व्हॉल्व्ह द्या मला. काय करू म्हंजे? पळी वाकलीय माझी, ताटावर आवाज येत न्हाई. हां, हा जड हाय, ह्याचा लांब जाईल. पुसू नका, असू द्या तेलकट. रत्नदीपचा फोन आलाच तर मी हितं आले नव्हते. सरा आता, यष्टी जाईल माझी.