खंडेनवमीला उचललेला पाना

आम्ही मूळची शिपायांची माणसं, बघा. आज्जाचा आज्जा कुठल्या फौजेतून म्हैसुराला आला ते आता कुणाला धड सांगता येत नाही, पण आला तो घोड्यावर आला आणि राहिला तो राहिलाच. आज्जापर्यंत राजाची चाकरी होती, मग स्वातंत्र्य आलं, राज्यं गेली, घोडे गेले आणि आमच्या वाट्याला मोटारी आल्या. घरात एक तलवार राहिली तेवढी. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, म्हैसुरातच नजरबादेत गॅरेज घातलं आणि मी त्याच्या हाताखाली. आमचं मराठी ऐकून तुम्हाला हसू येत असेल, निम्मं कानडी, हसा, सरी, म्हणजे बरं, पण घरात आम्ही हेच बोलतो की हो.

तर खंडेनवमीचं सांगत होतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा, सगळा गावच करतो, पण आमच्याकडं ती तलवार. मधे तलवार पाटावर आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाने, हातोडे, छिन्न्या, जॅक, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. एकदा मांडलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत कशाला हात लावायचा नाही. आज्जा म्हणायचा, नवमीला उचललेलं हत्यार रक्त मागतं. त्याच्या धाकट्या भावानं एकदा गाय दोरात अडकली म्हणून पूजेतला कोयता उचलला होता, गाय सुटली, आणि त्याच महिन्यात घोड्यानं लाथ मारून तो गेला. खरं खोटं देवाला ठाऊक. आम्ही ते ऐकत मोठे झालो, म्हणजे भीती दुधातूनच प्यायलो म्हणा ना.

एका वर्षी नवमीला शिवण्णा आला, बन्नूरच्या वाटेवर व्हॅन चालवायचा तो, आमचं जुनं गिऱ्हाईक. पूजेला गाडी आणली होती, आत बायको, दोन लेकरं आणि म्हातारी आई, पूजा करून तसंच सासुरवाडीला बन्नूरला निघायचं. गाडीला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, दादानं आरती केली, कोहळा फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. शिवण्णानं गाडी पुढं घेतली, लिंबं फुटली, आणि मागच्या डाव्या चाकातून टक असं वाजलं. सगळ्यांनी हात जोडलेले, ऐकलं मी एकट्यानं.

वाकून बघतो तर नटांच्या खालून गंजाचे ओघळ आणि भोवतीचं लोखंड घासून चकचकीत झालेलं. सैल चाक असंच दिसतं. बोटानं नट फिरवला तर फिरला, पण बाहेर येईना, कारण आतला स्टड, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडाच, त्याच्याबरोबर फिरत होता. स्टड मागून ब्रेकच्या ड्रममधे दातांवर घट्ट बसलेला असतो, ते दात झिजले की मग तुम्ही नट आवळा नाहीतर सोडा, जागच्या जागी गरगर. असे दोन होते. शिवण्णाला म्हटलं, थांब, चाक काढायला पाहिजे. तो म्हणाला, एनू आगल्ल अण्णा, काही होत नाही, आत्ताच तर देवाचं झालंय, उद्या येतो. आणि दादा म्हणाला, हत्यारं पूजेला बसलीत, सावकाश जाऊ दे त्याला. असं म्हणाला खरा, पण चाकाकडं बघेना. चाक त्यालाही कळलं होतं, आणि तलवारही त्याला दिसत होती.

बन्नूरचा रस्ता तुम्ही बघितलाय का, कालवा लागतो बाजूला. गाडीतली धाकटी पोर खिडकीतून झेंडूची फुलं तोडून खाली टाकत होती, आणि मला घोड्याची ती लाथ आठवत होती. भीती मलाही वाटली, खोटं कशाला बोलू. पण मी आत गेलो आणि पाटाजवळचा पाना, पहार, छिन्नी, हातोडा आणि जॅक उचलला, कुंकवासकट. वहिनी दारात होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. दादा उठून आत गेला.

माणसं उतरवली, गाडी जॅकवर घेतली. जे नट धड होते ते सुटले. मग चाकामागं पहार घालून बाहेर रेटायची, म्हणजे स्टड ताणला जातो आणि जरा धरतो, तेवढ्यात नट फिरवायचा. एक असा सुटला. दुसरा काही केल्या धरेना, तेव्हा छिन्नी लावून नटच फोडायला घेतला. प्रत्येक घावाला वाटायचं, आता छिन्नी सटकणार, आता लोखंडाचा कपचा डोळ्यात जाणार, आता जॅक सरकणार. मी आज्जाला मनात शिव्या देत होतो. नट फुटला. चाक बाहेर आलं, बघतो तर चाकाची भोकं लांबट झालेली, आणि जे नट धड म्हणून सोडले त्यांतल्या एकाचा स्टड निम्म्याच्या वर तडकलेला. शिवण्णानं ते बघितलं आणि धाकट्या पोरीला उचलून कडेवर घेतलं. गॅरेजात पडलेल्या जुन्या ड्रमातले स्टड काढून बसवले, चाक चढवलं, माणसं बन्नूरला गेली. मला ओरखडासुद्धा नाही.

हत्यारं ठेवायला आत गेलो तर दादा तलवारीसमोर बसलेला, अंगठ्याला फडकं, फडकं लाल, पाटावर थेंब. मी म्हटलं, दादा, हे काय केलंस. तो म्हणाला, मागायच्या आधी दिलं, तुझ्याकडं यायला नको.

मी रडलो, सांगायला लाज कसली. जखम चिघळली, मोठ्या दवाखान्यात नेला, जीव वाचला, पण अंगठा ताठ झाला तो कायमचा. त्यानंतर दादाच्या हातात पाना कधी नीट बसला नाही. म्हणजे रक्त मागितलं की नाही मागितलं, तुम्हीच सांगा. मला अजून उलगडत नाही.

पुढल्या नवमीला मी सगळी हत्यारं मांडली. दादा आला, रांगेकडं बघत उभा राहिला, मग त्या ताठ अंगठ्याच्या हातानं चाकाचा पाना उचलला, कुंकू लावायच्या आधी, आणि बाहेर दाराशी खिळ्याला टांगला. म्हणाला, हा बसायचा नाही, रस्ता काही सुट्टी घेत नाही.

आता दादा नाही. मीही थकलो. पण खंडेनवमीला तो पाना तिथंच असतो, खिळ्याला, कोराच. नवमी आली की दिवसभर मी दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांची चाकं ऐकतो. तुम्ही कुठल्या गाडीनं आलात? जाताना जरा हळू घ्या दारापुढनं. नीट पोचा घरी.