मंडळाने पाहिलेला राजवाडा

आमच्या इथल्या, आखातातल्या मराठी मंडळाची सहल सांगितली का तुम्हाला? अल ऐनला शेखांचा जुना राजवाडा, भोवती खजुराची बाग. बसमधून उतरल्याबरोबर अध्यक्षसाहेबांनी गेटसमोरच स्वतःच्या थोबाडाचा भलामोठा फ्लेक्स उघडला.

"आधी ग्रुप फोटो, मग आत!"

मग कुणाचे डोळे मिटले, कुणाची बायको बसमध्येच राहिली, असं करत दुपारभर आम्ही उन्हात उभे. शेवटी वॉचमन आला. "खलास भाई, बंद हो गया."

साहेबांना लाज? छे! म्हणतात कसे, "फोटो आला ना? सहल यशस्वी!"

घरी लेकीने तो फोटो बघून विचारलं, "बाबा, व्हेअर इज द पॅलेस?"

म्हटलं, "साहेबांच्या नाकामागे."