सातव्या मजल्याचा रखवालदार

—नाही म्हणजे नाही, उम्म वद्दाह. सोपा करणार नाही. एकशे अठरा पायऱ्या चढून आलात, धाप लागलीय तुम्हाला, बसा, चहात मरमियाची पानं घातलीत, घशाला बरी—पण सातवा मजला आहे तस्साच राहणार. रोज कुणीतरी लिहितं मला. रखवालदाराची ताकद कमी करा, भाकरी जास्त ठेवा, मेल्यावर निदान त्याच मजल्यावरून पुन्हा सुरू करू द्या. का करू द्यायचं? मेलात की मेलात! वर या, पहिल्या मजल्यापासून उतरा, आणि उतराल तेव्हा कालची एकही भिंत कालच्या जागी नसेल—या खेळाची जातच ती आहे. नावच 'आंधळी विहीर' ठेवलंय, 'सुखाची बाग' नाही ठेवलं. साऱ्या अम्मानमध्ये जिने चढून चढून गुडघे गेलेत लोकांचे, आणि माझ्या खेळातले सात जिने उतरायचे म्हटले की रडू येतं! तुमच्या वद्दाहला सांगा, झेपत नसेल तर दुसरं काहीतरी खेळ म्हणावं.

वद्दाहला ओळखतो तर मी. म्हणजे तोंड नाही बघितलं कधी, पण कोण कुठल्या मजल्यावर कशानं मेलं ते सगळं इथं माझ्या पडद्यावर येतं—हे बघा, ही आजची यादी, सकाळपासून दोनशे मेलेत—तुमचा वद्दाह आठ महिन्यांत चारशे अकरा वेळा मेलाय. दुसऱ्यावर विंचू चावून. तिसऱ्यावर स्वतःच पेटवलेल्या तेलात जळून, तेही लागोपाठ पाच वेळा, काय म्हणावं याला! चौथ्यावर उपाशी. आणि सातव्यावर, रखवालदाराच्या साखळीखाली, छपन्न वेळा. मी म्हणायचो, हा पोरगा एक तर ठार वेडा आहे नाहीतर फार मोठा माणूस आहे. पण नऊ दिवस झाले, यादीत नाव नाही. सोडलंन ना? सोडलंन, आणि तक्रार करायला आईला पाठवलंन—काय? वद्दाह खेळत नाही? वद्दाह कुठे, डेट्रॉइटला? मग यादीतलं हे नाव त्याचं, संगणक त्याचा... आणि खेळता तुम्ही? तुम्ही मेलात चारशे अकरा वेळा?

हसत नाही हो मी. खरंच नाही. जरा थांबा, चहा सांडला.

बरं, तुम्ही तर तुम्ही. मग तर तुम्हाला अजिबातच सूट नाही! काय करता तुम्ही? लग्नाचे कपडे शिवता—चाळीस वर्षं? मग तुम्हीच सांगा मला, बाही चुकली तर काय करता? उसवता आणि पहिल्यापासून टाके घालता. तिथं कुणी येऊन म्हणतं का तुम्हाला, की चुकीच्या टाक्यापासून पुढं चालू द्या? तेच म्हणतोय मी. अवघड ठेवणं म्हणजे छळ नव्हे. अवघडपणा तोलून घालावा लागतो, बाई. विंचू एकानं जास्त झाला तर माणूस चिडून उठतो, एकानं कमी झाला तर जांभई देतो. भाकरी नेमकी अशी ठेवायची की पोट भरू नये पण जीवही जाऊ नये. एकेका मजल्याला मी महिना-महिना घातलाय. हजारदा मेलोय स्वतःच्या हातानं, आकडा बदलायचा, मरायचं, आकडा बदलायचा, मरायचं—लोक म्हणतात रशाद दुष्ट आहे. दुष्ट! दुष्ट माणसाला इतकी मेहनत झेपत नाही.

काय म्हणालात? रखवालदार वाढतोय? कोण म्हणतं? तुम्ही मोजलंत? हो, तुम्ही मोजणारच म्हणा, टाके मोजणाऱ्या... बरं. वाढवलाय. आधी चाळीस वारांत पडेल असा होता. वसंतात एक जण अडतिसाव्या वारापर्यंत पोचला, म्हणून साठ केले. मग उन्हाळ्यात आणखी एक जण जवळ आला, म्हणून आता नव्वद. मग? माझा खेळ आहे. समतोल म्हणतात त्याला. म्हणजे... दर वेळी कुणी जवळ आलं की वाढवणं याला समतोल म्हणत नाहीत, ते कळतं मला, तुम्ही असं बघू नका माझ्याकडे.

तुम्हाला ती दुसरी खुर्ची दिसतेय ना, ज्यावर कागद पडलेत? यनालची ती. दोघांनी मिळून सुरू केला हा खेळ. भिंती त्याच्या, मारामारी माझी. आठवा मजला, शेवटचा, तो रचणार होता—तो एकच मजला असा की जो दर वेळी बदलणार नाही, हातानं बांधलेला. पण त्याचं एकच टुमणं, माणसाला कुठंतरी दया दाखव. मी म्हटलं, दया हवी तर मशिदीत जा, विहिरीत नको. तीन वर्षांपूर्वी याच दारात भांडलो. आता तो दुबईत बसून फळं जुळवायचे खेळ करतो, लाल सफरचंदाशेजारी लाल सफरचंद, शाब्बास! मला नाही त्याची गरज. त्याच्यावाचून काही अडलं नाही माझं. आणि ऐका, अभिमानानं सांगतो, आजवर एकही माणूस सातव्यावरून खाली उतरलेला नाही. एकही नाही!

हे काय काढताय पिशवीतून, वद्दाहचा संगणक? आणि झाकणात हे दोऱ्याचं रीळ का अडकवलंय? मिटला तर मराल म्हणून? अहो बाई... नऊ दिवस तसाच उघडा ठेवलात? आणि आज तसाच घेऊन जिने चढलात? द्या इकडे.

आठवा. आठवा मजला लिहिलंय.

नाही, शक्य नाही. नव्वद वार कुणाच्या बापाला जमणार नाहीत, मला स्वतःला जमलेले नाहीत. तुम्ही कसे—मारलंच नाहीत? मग? भाकरी दिलीत? त्याला? रखवालदाराला? आणि तो जिन्यावरून उठला, बाजूला बसला आणि खायला लागला... थांबा. थांबा जरा. ही यनालची ओळ आहे. 'जे चालतं त्या सगळ्याला भूक लागते.' पहिल्याच आठवड्यात खेळाच्या नियमांत लिहिली होती त्यानं. मी खो-खो हसलो होतो, म्हटलं विंचवाला काय जेवायला बसवणारेस? मी त्याची ताकद वाढवत बसलो, वार वाढवत बसलो, साखळी लांब करत बसलो, आणि तो तिथं तीन वर्षं उपाशी उभा. हजारदा मेलो मी त्या जिन्यावर आणि एकदाही... तुम्हाला कसं सुचलं? दिसत होता उपाशी? झालं. संपलं. दिसत होता म्हणे!

हो, काळं आहे. नुसतं काळं, आणि पाऊल टाकलं की पाऊल वाजतं, बाकी काही नाही. नाही हो, तुमचं काही चुकलेलं नाही. नऊ दिवस हेच वाटत होतं तुम्हाला? की आपलंच काहीतरी राहिलं? तुमचं नाही राहिलं. तिथं काहीच नाहीये. मी बांधलाच नाही आठवा. बांधता येत नव्हता, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून तो जिना अडवून बसलो होतो. घ्या. तीन वर्षांत कुणापाशी बोललो नव्हतो, तुमच्यापाशी बोललो. आता सांगा जाऊन सगळ्यांना.

सांगणार नाही? मग काय पाहिजे तुम्हाला? खालचा जिना?

ऐका तर. रीळ काढा, मिटला तरी मरत नाही तुम्ही, एवढी अक्कल आहे माझ्या यंत्रात. घरी जा, पण खेळात पाऊल उचलू नका. तुम्ही हलत नाही तोवर तिथं काळ पुढं सरकत नाही, भूकसुद्धा लागत नाही. पंधरा दिवस. महिना धरा. तिथंच उभ्या राहा अंधारात, मी बांधतो. आणि सोपा नसणार हं, आधीच सांगून ठेवतो, चारशे वेळा मेलात म्हणून मी काही हात सैल सोडणार नाही! भाकरीचं? नाही, भाकरीच्या आकड्याला हात लावत नाही. राहू दे ती ओळ. यनालला—ते माझं मी बघेन, त्यात तुम्ही पडू नका. उठा आता. जाताना त्या खुर्चीवरचे कागद तेवढे खाली ठेवा, आणि निघा, उम्म वद्दाह, निघा म्हटलं ना.